पहिली वीस मिनिटं

नव्याने बांधलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू करायचं म्हटलं की माणसं जमतात. बेळगावचं शहापूर असो, टिळकवाडी असो की निपाणीतली एखादी गल्ली, ॲम्बेसेडरचं बॉनेट उघडं दिसलं की शेजारचे काका थांबतात, मेस्त्रींच्या हाताखाली पूर्वी शिकलेली पोरं येतात, घरातून हळदकुंकू आणि नारळ येतो. सगळ्यांना एकच हवं असतं: आवाज. इंजिन लागावं, तो ओळखीचा संथ ठेका दोन मिनिटं ऐकावा, मग गाडी बंद करून सगळ्यांना कुंदा वाटावा. ही हौस अगदी खरी आहे. वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली पडलेली घरची गाडी पुन्हा बोलायला लागते, त्याचं कौतुक कुणाला नसणार? पण इंजिनासाठी याहून वाईट सुरुवात नाही. पहिल्यांदा लागलेलं इंजिन स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता, ठेवायचं नसतं आणि लगेच बंदही करायचं नसतं. लागल्या क्षणापासून २००० ते २५०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला तितक्या फेऱ्यांवर, सलग २० मिनिटं ते चाललं पाहिजे. त्याआधी महिनाभर जे काही केलेलं असतं ते या २० मिनिटांत टिकतं किंवा वाया जातं.

कारण कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे उंचवटे (कॅम) असलेली दांडी. ॲम्बेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सिरीजचं, फियाट आणि पद्मिनीचं १०८९ सीसीचं. दोन्हींत कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये बसतो, त्यावर टॅपेट, मग पुशरॉड, वर रॉकर; या साखळीतून उंचवट्याचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत जातो. क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) बेअरिंगला पंप दाबाने तेल पुरवतो. कॅमच्या उंचवट्याला मात्र ते सुख नाही. क्रँक फिरताना जे तेल उडतं आणि वरून जे निथळतं त्यावरच त्याचं भागतं. स्लोवर तेल कमी उडतं. शिवाय कमी वेगात व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा सगळा जोर उंचवट्याच्या टोकावर येतो. वेग वाढला की हलणाऱ्या भागांच्या जडत्वामुळे टोकावरचा तो भार थोडा हलका होतो. म्हणजे स्लोवर तेल कमी आणि दाब जास्त. नवा कॅम आणि नवे टॅपेट यांची एकमेकांशी ओळख याच वेळी होत असते. टॅपेटने उठता-बसता स्वतःभोवती फिरत राहायला हवं. पहिल्या काही मिनिटांत तो फिरला नाही तर एकाच जागी घासतो, वरचा कडक थर निघून जातो, आणि पुढच्या हजारेक किलोमीटरमध्ये तो उंचवटा झिजून गोल होतो. मग एका सिलिंडरची ताकद कमी लागते, टकटक येते, टॅपेट सेट केला (त्याची फट जुळवली) की आठवडाभर शांत आणि पुन्हा टकटक. झिजलेल्या लोखंडाची भुकटी तेलातून बेअरिंगपर्यंत पोचते ते वेगळंच. पुष्कळदा दोष कॅमच्या मालाला दिला जातो. माल खरंच खराब असूही शकतो, पण आधी विचारायचं, पहिल्या दिवशी इंजिन किती वेळ स्लोवर ठेवलं होतं.

म्हणून बांधतानाच कॅमचे उंचवटे आणि टॅपेटचे तळ यांना मॉलिब्डेनमची काळी पेस्ट चोपडायची. साधं इंजिन ऑइल लावलं तर इंजिन बांधून गाडीत चढेपर्यंत आणि वायरिंग होईपर्यंत ते खाली ओघळून जातं. बेअरिंगना तेल चालतं, कॅमला पेस्टच.

तेलाबद्दल गॅरेजांत बरेच गैरसमज आहेत. महागडं सिंथेटिक तेल पहिल्या भरणीला घालू नये; नव्या रिंग बसायला थोडं घर्षण लागतं. साधं मिनरल २०डब्ल्यू-५० घ्यावं, किंवा डिझेल गाड्यांसाठी मिळणारं सीआय-४ दर्जाचं १५डब्ल्यू-४०. चपट्या टॅपेटना वाचवतं ते तेलातलं जस्त आणि फॉस्फरसचं संयुग. २००४ मध्ये आलेल्या एपीआय एसएम दर्जापासून ३० आणि त्याखालच्या पातळ ग्रेडच्या पेट्रोल तेलांत फॉस्फरसवर ०.०८ टक्क्याची मर्यादा आली, कारण तो सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला खराब करतो. आपल्या गाडीला कन्व्हर्टर नाही. नव्या गाड्यांचं ५डब्ल्यू-३० घालून आपण तिला फक्त उपाशी ठेवतो. ॲम्बेसेडरला फिल्टर धरून साधारण सव्वाचार ते साडेचार लिटर तेल लागतं, पण डिप स्टिक काय दाखवते तेच खरं. फिल्टर भरला की पातळी खाली जाते, तेव्हा पुन्हा पाहायचं.

आता थोडं मागे जाऊ, कारण नव्या इंजिनाचे बरेच आजार सुरू करण्याच्या दिवसाआधीच आत शिरलेले असतात. या भागात मशीनच्या कामाची चिंता नाही. उद्यमबाग, मच्छे आणि पलीकडे कोल्हापूरची शिरोली, सगळा पट्टा ओतकामाचा आणि लेथचा. बोअरिंग, होनिंग (सिलिंडर आतून दगडाने घासणं), क्रँक ग्राइंडिंग करणारे हात इथे पिढीजात आहेत. पण होनिंग करून आलेला ब्लॉक स्वच्छ दिसतो तेवढा स्वच्छ नसतो. दगडाची बारीक कचकच सिलिंडरच्या रेघांत बसलेली असते आणि डिझेलने किंवा रॉकेलने धुतली तर ती तिथेच राहते. गरम पाणी, कपड्याचा साबण आणि ब्रश हाच त्यावर उपाय. पांढरं फडकं तेलात बुडवून आतून फिरवायचं. ते पांढरंच बाहेर येईपर्यंत धुणं संपलेलं नाही. मग ताबडतोब कोरडं करून तेल लावायचं. जून ते सप्टेंबरच्या आपल्या पावसात, खानापूरकडे तर जास्तच, उघडं बीड (ओतीव लोखंड) एका रात्रीत तांबूस होतं. ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटांचे प्लग काढून त्यातून लांब ब्रश घालणं हे काम कंटाळवाणं आहे आणि तेच बहुतेक ठिकाणी गाळलं जातं.

आणखी एक समजूत सोडायला हवी. ‘इंजिन टाइट आहे, म्हणजे काम चांगलं झालंय.’ सेल्फने फिरत नाही, मग गाडी दुसऱ्या गाडीला दोर बांधून सांबऱ्याच्या रस्त्याला ओढत सुरू करायची, हे दृश्य जुन्या लोकांनी पाहिलेलं आहे. नीट बांधलेलं इंजिन प्लग काढल्यावर हँडलने एका हाताने, एकसारख्या जोराने फिरतं. कुठे अडत असेल तर काहीतरी चुकलेलं आहे: मेन बेअरिंगची कॅप उलटी बसली असेल, बेअरिंगखाली कचरा राहिला असेल, नाहीतर रिंगची तोंडं फार जवळ आली असतील. रिंगच्या तोंडांतली फट बोअरच्या (सिलिंडरच्या व्यासाच्या) दर इंचाला ३ ते ४ थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ॲम्बेसेडरच्या ७३ मिमी बोअरला साधारण ९ ते १२ थाउ ठेवतात. ती कमी असली तर रिंग तापून लांबते, टोकाला टोक भिडतं आणि सिलिंडरला उभे ओरखडे पडतात. बेअरिंगमध्ये जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या क्रँकच्या भागाच्या) दर इंच जाडीमागे एक थाउची फट हा जुना हिशोब आजही चालतो. जबरदस्तीने मोकळं केलेलं इंजिन मोकळं झालेलं नसतं, झिजलेलं असतं.

सुरू करण्याच्या आदल्या दिवशी तेल चढवून ठेवायचं. काही इंजिनांत डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा डबा) काढून तेलाचा पंप ड्रिलने फिरवता येतो. ॲम्बेसेडरमध्ये पंपाला कॅमशाफ्टवरून वेगळी दांडी जाते, तेव्हा ती सोय नाही. पंप बसवतानाच तेलाने भरलेला असला पाहिजे. कोरडा पंप तेल ओढत नाही. सगळे प्लग काढायचे, कॉइलची बारीक वायर सोडायची, आणि सेल्फ १० ते १५ सेकंद मारून मिनिटभर थांबायचं. प्लग नसल्यामुळे बेअरिंगवर भार पडत नाही. तेलाचा दाब नुसत्या दिव्यावर जोखू नये; काटा असलेलं यांत्रिक गेज लावावं, तांब्याच्या नळीला मध्ये एक गोल वेटोळं द्यावं, म्हणजे थरथरीने ती तडकत नाही. तीन-चार वेळा सेल्फ मारल्यावर काटा हलला पाहिजे. सगळा मिळून मिनिटभर सेल्फ मारूनही हलला नाही तर पुढे जाऊ नये. पंपात हवा असेल, रिलीफ व्हॉल्व्हचं पिस्टन अडकलं असेल, किंवा फिल्टरच्या वाटीचं रबर नीट बसलं नसेल. त्या रबराची एक खास गंमत सांगायला हवी: जुनं खाचेत चिकटून राहतं, ते दिसत नाही, आणि त्यावरच नवं बसवलं जातं. इंजिन लागल्यावर दाब आला की त्या जागेतून तेलाची पिचकारी उडते आणि अर्ध्या मिनिटात तेलाचं चेंबर रिकामं. दाब दिसला की रॉकरचं झाकण उघडून बघायचं. आठही रॉकरना तेल पोचेपर्यंत हँडल मारत राहायचं. हेडचं पॅकिंग चुकीचं असेल किंवा रॉकरचा खांब चुकीच्या जागी बसला असेल तर तेलाचं भोक झाकलं जातं आणि वर काहीच येत नाही.

आता टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ. पहिल्या फिरकीत इंजिन लागलं पाहिजे, कारण जितका वेळ सेल्फ फिरतो तितकी कॅमवरची पेस्ट पुसली जाते. सिलिंडर पेटण्याचा क्रम १-३-४-२, दोन्ही गाड्यांचा तोच. ॲम्बेसेडरचा रोटर वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतो, तेव्हा वायरी त्याच दिशेने लावायच्या. फियाटचा कुठे जातो ते हँडल मारून डोळ्यांनी बघावं. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे डिस्ट्रिब्युटर अर्धा फेरा उलटा बसणं. पुलीची खूण जुळते, पण पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर नसून एक्झॉस्टवर असतो. हे कसं ओळखायचं? चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एक मिटतोय-एक उघडतोय अशा झुलत्या अवस्थेत असले की पहिला कॉम्प्रेशनवर. उलट बसला असेल तर कार्ब्युरेटरमधून भडका येतो आणि सायलेन्सरमधून बार निघतात.

पॉइंटची (डिस्ट्रिब्युटरमधल्या उघडझाप करणाऱ्या संपर्काची) फट १५ थाउ, प्लगची २५. पॉइंट उघडतात तो नेमका क्षण पकडायला एक साधा १२ व्होल्टचा लहान बल्ब पुरतो. एक टोक डिस्ट्रिब्युटरच्या बारीक वायरीला, दुसरं बॉडीला, चावी ऑन. पॉइंट मिटलेले असताना बल्ब विझलेला, उघडताच पेटतो. पुस्तकात दिलेल्या अंशावर क्रँक आणायचा, तोही नेहमीच्या फिरण्याच्या दिशेनेच, म्हणजे चेनचा ढिलेपणा निघून जातो. मग डिस्ट्रिब्युटर हळू फिरवून बल्ब पेटेल तिथे आवळायचा. टॅपेट आधीच सेट असावेत. नऊचा हिशोब इथे सोपा पडतो: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दबलेला असताना पहिला सेट करायचा, सातवा दबलेला असताना दुसरा, बेरीज नेहमी नऊ. थंड इंजिनावर हात एक-दोन थाउ सैलच ठेवावा. बॅटरी जोडण्याआधी गाडी पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेली) तर नाही ना, हे पाहावं; जुन्या डायनॅमोच्या गाड्यांत तसं असतं.

पेट्रोलच्या बाबतीत काळ बदलला आहे. आज पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, एसी पंपाचा (इंजिनावरच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा) जुना पडदा आणि कापडी वेष्टनाचा पाइप त्यात टिकत नाहीत. ते हवेतलं पाणी ओढतं, म्हणून पावसाळाभर टाकीत राहिलेल्या पेट्रोलवर पहिली सुरुवात करू नये. टाकी कितीही धुतलेली असली तरी पहिल्या दिवशी बाहेरचा स्वच्छ डबा, नवा पाइप आणि मध्ये फिल्टर एवढ्यावर गाडी चालवावी. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर पेट्रोलमधलं शिसं गेलं. ॲम्बेसेडरच्या बिडाच्या हेडमध्ये एक्झॉस्टच्या सीट थेट हेडमध्येच कापलेल्या असत आणि शिसं त्यांना जपत असे. हेड उघडलेलंच असताना कडक सीट बसवून घेतल्या तर पुढचा त्रास वाचतो. फियाटचं हेड ॲल्युमिनियमचं, त्यात सीट मुळातच वेगळ्या असतात.

कार्ब्युरेटरचं फ्लोट चेंबर (पेट्रोल साठण्याची वाटी) इंजिन सुरू करण्याआधी भरलेलं असावं. एसी पंपाला खाली हाताने दाबायची एक छोटी पट्टी असते. ती ढिली लागली, पेट्रोल ओढत नसली, तर पंप बिघडला असं समजू नका. कॅमचा उंचवटा पंपाच्या दांडीला दाबून बसलेला असतो. क्रँकला एक फेरा द्या आणि पुन्हा दाबा. पण बाटलीने कार्ब्युरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतण्याची जी रस्त्याकडेची रीत आहे, ती मनापासून सोडून द्यावी. ओतलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं, म्हणजे नव्या रिंग कोरड्या घासतात. आणि टायमिंग थोडं चुकलेलं असेल तर भडका थेट बाटली धरलेल्या हातावर येतो. माणसं यात भाजलेली आहेत.

पाण्याकडे इथल्या उंचीमुळे जास्त लक्ष द्यावं लागतं. बेळगाव सुमारे अडीच हजार फुटांवर आहे. इथे उघडं पाणी साधारण ९७ अंशांवर उकळतं. रेडिएटरचं झाकण दाब धरत नसेल तर ही मर्यादा फार जवळ आहे. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी घालावं, बोअरचं क्षार असलेलं पाणी नको. गाडीचं तोंड थोडं वर करून, हीटर असेल तर त्याचा नळ उघडा ठेवून हळूहळू भरावं, म्हणजे हवा अडकत नाही. उभी गाडी २० मिनिटं २००० वर चालणार, समोरून वारा नाही, तेव्हा रेडिएटरपुढे मोठा पेडेस्टल फॅन हवाच. दार उघडं, नाहीतर सायलेन्सरचा धूर कोंडतो. ड्राय पावडरचं अग्निशामक हाताशी. आणि तीन माणसं, प्रत्येकाची नजर ठरलेली: एकाची तेलाच्या काट्यावर, एकाची पाण्यावर आणि गळतीवर, एकाचा हात ॲक्सिलरेटरवर. बाकीच्यांनी नारळ आधीच फोडून घ्यावा.

चोक ओढून, प्लग लावून, चावी. तयारी नीट असेल तर दोन-तीन फेऱ्यांत इंजिन लागतं. लगेच २००० वर न्यायचं आणि धरायचं, पण एकाच आकड्यावर नाही. २००० ते २५०० मध्ये हळूहळू खालीवर करत राहायचं, म्हणजे तेल वेगवेगळ्या जागी उडतं. तेलाचा दाब १० सेकंदांत दिसायला हवा. थंड तेलावर ५० पीएसआयच्या आसपास चांगला. दाब नाही तर तत्क्षणी बंद, तिथे २० मिनिटांचा नियम लागू नाही. पहिली पाच मिनिटं धूर येणारच: बांधताना लावलेलं तेल, मॅनिफोल्डवरचा रंग, सिलिंडरमधलं ऑइल. सगळे घाबरतात आणि कुणीतरी म्हणतं, बंद कर. चालू राहू दे की. बंद करण्यासारखी कारणं मोजकी आहेत: दाब पडणं, पेट्रोल गळणं, पाणी उकळणं, ठोके येणं. क्रँकचा ठोका खोल आणि जड असतो, दगड आपटल्यासारखा. टॅपेटची टिकटिक वरून आणि बारीक येते, तिच्यासाठी थांबू नये. एखादा प्लग मिसिंग मारत असला तरी चालत्या इंजिनात वायर दाबून, डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवून बघावं. मॅनिफोल्डवर चार थेंब पाणी शिंपडलं तर जिथे ते उडत नाही तो सिलिंडर जळत नाही. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत राहिले आणि थांबलेच नाहीत, तर हेडचं पॅकिंग किंवा हेडची सपाटी तपासावी लागेल.

थांबावंच लागलं तर दोष दूर करून उरलेली मिनिटं पूर्ण करायची. वीस मिनिटं झाली की मग हवं तर स्लोवर आणा, ठेका ऐका. गरम स्लोवर १५ पीएसआयपेक्षा दाब खाली जात नसेल तर बेअरिंगची काळजी नाही. मागच्या बाजूला, बेलहाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या आवरणाच्या) तळाशी, तेलाचा एखादा थेंब दिसेल. या इंजिनाच्या मागच्या टोकाला रबरी सील नसून तेल परत आत ढकलणारे आटे असतात. इंजिन उभं राहिलं की थोडं ओघळतंच. त्यासाठी इंजिन उतरवू नये.

पूर्ण थंड झाल्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी, हेडचे नट मधून बाहेर या क्रमाने एकेक पाव फेरा सोडून पुन्हा पुस्तकातल्या टॉर्कवर आवळायचे. हेड थोडं बसतं, म्हणून टॅपेटची फट कमी झालेली असते. ती मग इंजिन गरम करून पुन्हा १५ थाउला. तेल याच वेळी बदलावं, २० मिनिटं चाललेलं असलं तरी. फिल्टरचा कागद कापून उन्हात पसरावा. काळपट पेस्ट आणि अगदी बारीक राखाडी भुकटी अपेक्षित आहे. चुंबकाला चिकटणारे तुकडे निघाले तर कॅम बघा. तांबूस-रुपेरी चकाकी दिसली तर बेअरिंग.

रिंग बसतात त्या रस्त्यावर, गॅरेजात नाही. रिंगला भिंतीवर दाबतो तो जळलेल्या वायूचा दाब, आणि तो भार असेल तरच येतो. महिनाभर ३० च्या वेगाने कॅम्पात हळूहळू फिरवलेल्या गाडीचे सिलिंडर काचेसारखे गुळगुळीत होतात आणि ती कायमची तेल खात राहते. हिंडलगा, सुळगा, शिनोळी करत वेंगुर्ला रस्ता यासाठी उत्तम आहे: चढ आहेत, पण घाट नाही. टॉप गिअरमध्ये ताशी ४० वरून अर्धा ॲक्सिलरेटर देत ६५ पर्यंत न्यायचं, मग पाय पूर्ण काढून गाडी आपोआप ४० वर येऊ द्यायची. अशा दहा-बारा खेपा. पाय काढल्यावर सिलिंडरमध्ये पोकळी होते, त्यामुळे तेल वर ओढलं जातं आणि रिंग धुतल्या जातात. पहिल्या ५०० किलोमीटरमध्ये वंटमुरी किंवा तवंदीचा घाट टॉपमध्ये ओढत चढवू नये, आणि चोर्ल्याला तर जाऊच नये. ५०० ला पुन्हा तेल आणि टॅपेट. १५०० पर्यंत तेल खाणं कमी कमी होत गेलं पाहिजे. झालं नाही तर कॉम्प्रेशन दोनदा मोजा, एकदा कोरडं आणि एकदा प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून: तेलाने आकडा बराच वर गेला तर रिंग बसलेल्या नाहीत, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह बघा.